खरेदीला नकार देण्याचा अधिकार : फेडरल रिझर्व्हच्या समितीची गोष्ट

#थ्रेड

१/
३१ जानेवारी १९५१, बुधवार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी एका समितीच्या सर्व सदस्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. ही समिती सेनापतींची नव्हती आणि मंत्र्यांचीही नव्हती. सरकारी रोखे किती घ्यायचे आणि किती विकायचे, एवढेच ती ठरवीत असे. तिचे नाव फेडरल ओपन मार्केट कमिटी. राष्ट्राध्यक्षांनी ही समिती अशी संपूर्ण बोलावण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या वेळी कोरियात अमेरिकी सैन्य चिनी फौजांशी झुंजत होते.

२/
युद्ध ऐन भरात असताना राष्ट्राध्यक्षांना रोख्यांच्या खरेदी-विक्रीत एवढे लक्ष घालावेसे का वाटले? आणि त्यानंतरच्या पाच आठवड्यांत असे काय घडले, की जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या इतिहासात त्या वर्षाचा उल्लेख आजही होतो? हे समजण्यासाठी आधी जवळजवळ चार दशके मागे जावे लागते. कारण ज्या साधनावरून हा तंटा झाला, ते साधन कोणी योजून घडवलेले नव्हते. ते योगायोगाने हाती लागले होते.

३/
२३ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी फेडरल रिझर्व्ह कायद्यावर स्वाक्षरी केली. अमेरिकी जनतेला वॉल स्ट्रीटच्या धनिकांचा जितका संशय होता, तितकाच वॉशिंग्टनच्या सत्तेचाही होता. म्हणून एकच मध्यवर्ती बँक न काढता देशाचे बारा विभाग करून बारा रिझर्व्ह बँका स्थापण्यात आल्या. प्रत्येकीचा गव्हर्नर वेगळा, हिशेब वेगळा. वर देखरेखीसाठी वॉशिंग्टनमध्ये एक मंडळ होते आणि त्यात खुद्द अर्थमंत्री पदसिद्ध सदस्य होते.

४/
या बारा बँकांचे मुख्य काम हुंड्या वटवण्याचे होते. एखाद्या व्यापारी बँकेला पैशांची निकड भासली, की तिने आपल्याजवळच्या व्यापारी हुंड्या घेऊन रिझर्व्ह बँकेकडे जावे. रिझर्व्ह बँकेने ठरलेला वटाव कापून तिला रक्कम द्यावी. या पद्धतीत पुढाकार नेहमी कर्ज मागणाऱ्याचा असे. रिझर्व्ह बँक दर वाढवू किंवा उतरवू शके; पण कोणी दारातच आले नाही, तर तिच्या हाती करण्यासारखे फारसे काही उरत नसे.

५/
१९२०-२१ च्या मंदीनंतर नेमके हेच झाले. व्यापारी बँकांनी जुनी कर्जे फेडून टाकली आणि नवी मागणे थांबवले. रिझर्व्ह बँकांचे उत्पन्न आटू लागले. या बँकांना स्वतःचा खर्च स्वतःच्या कमाईतून भागवावा लागे. कर्मचाऱ्यांचे पगार आणि भागधारक बँकांचा लाभांश कशातून द्यायचा, असा प्रश्न पडला. त्यावर सरळसा उपाय निघाला. व्याज देणारे सरकारी रोखे बाजारातून विकत घ्यायचे. प्रत्येक बँकेने आपापल्या हिशेबाने खरेदी सुरू केली.

६/
हेतू केवळ व्याज कमावण्याचा होता. पण लवकरच एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. समजा, एका दलालाने १० लाख डॉलरचे रोखे रिझर्व्ह बँकेला विकले. रिझर्व्ह बँकेने दिलेला धनादेश त्याने आपल्या बँकेत भरला. त्या बँकेने तो रिझर्व्ह बँकेकडे पाठवला आणि तिच्या खात्यात १० लाखांची शिल्लक जमा झाली. ही रक्कम दुसऱ्या कोणत्याही बँकेच्या खात्यातून वळती झालेली नव्हती. रोखे विकत घेण्याच्या क्रियेतूनच ती निर्माण झाली होती.

७/
पुढे त्या बँकेने काय केले? हाती आलेल्या शिलकीतून तिने रिझर्व्ह बँकेचे जुने कर्ज फेडले. म्हणजे रिझर्व्ह बँकांनी एका हाताने रोखे घेतले, की दुसऱ्या हातातील हुंड्या तितक्याच प्रमाणात कमी होत. उत्पन्न वाढवण्याचा बेत तिथल्या तिथे फसला. मात्र व्यापारी बँका कर्जातून मोकळ्या झाल्यामुळे सैल हाताने कर्जे देऊ लागल्या आणि बाजारातील व्याजदर उतरले. रोखे विकले, की परिणाम बरोबर उलटा होई.

८/
आणखी एक गोष्ट उघड झाली. खरेदी क्लीव्हलँडच्या बँकेने करो वा अटलांटाच्या, रोख्यांचा मोठा बाजार न्यूयॉर्कलाच होता. त्यामुळे पैसा प्रथम न्यूयॉर्कच्या बँकांत उतरे आणि तेथून देशभर पसरे. एका विभागाच्या बँकेने स्वतःच्या मिळकतीसाठी केलेला व्यवहार साऱ्या देशाच्या पतपुरवठ्यावर परिणाम करीत होता. ज्याला त्या गंगाजळीची नुसती गुंतवणूक समजत होत्या, ते वास्तविक देशाच्या पैशाचे सुकाणू होते.

९/
बारा जणांनी एकच सुकाणू आपापल्या दिशेला ओढावे, असा तो प्रकार होता. रोख्यांच्या किमती अकारण हलू लागल्या तशी अर्थखात्याने तक्रार केली. मे १९२२ मध्ये खरेदी-विक्री एकत्रितपणे करण्यासाठी गव्हर्नरांची एक समिती नेमण्यात आली. १९२३ च्या वसंतात वॉशिंग्टनच्या मंडळाने ती विसर्जित करून नवी पाच जणांची समिती स्थापली. न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड आणि शिकागो या बँकांचे गव्हर्नर तिचे सदस्य झाले. आजच्या समितीचे मूळ येथे आहे.

१०/
या समितीचे नेतृत्व न्यूयॉर्कच्या बँकेचे गव्हर्नर बेंजामिन स्ट्राँग यांच्याकडे होते. नव्या साधनाचे सामर्थ्य त्यांनी इतरांच्या आधी ओळखले. १९२४ आणि १९२७ मध्ये मंदावलेल्या व्यापाराला उभारी देण्यासाठी रोख्यांची खरेदी झाली. १९२७ च्या खरेदीमागे ब्रिटनच्या सुवर्णसाठ्यावरील ताण हलका करण्याचाही हेतू होता. त्या निर्णयाने शेअर बाजाराच्या सट्ट्याला खतपाणी घातले, असा आरोप पुढे अनेकांनी केला. ऑक्टोबर १९२८ मध्ये स्ट्राँग निवर्तले. त्यांच्या वजनावर चालणारी व्यवस्था एकाएकी पोरकी झाली.

११/
बरोबर एका वर्षाने बाजार कोसळला. स्ट्राँग यांच्या जागी आलेले जॉर्ज हॅरिसन यांनी वॉशिंग्टनच्या संमतीची वाट न पाहता न्यूयॉर्कच्या बँकेच्या नावे धडाक्याने रोखे घेतले. ऑक्टोबर १९२९ च्या अखेरच्या आठवड्यात ही खरेदी सुमारे १६ कोटी डॉलरवर गेली. समितीने आठवड्याला अडीच कोटींची मर्यादा घातलेली होती. या खरेदीमुळे न्यूयॉर्कच्या बँका तगल्या. पण हॅरिसन यांना मात्र शाबासकीऐवजी ताकीद मिळाली. आणीबाणीत निर्णय कोणी घ्यायचा, हेच ठरलेले नव्हते.

१२/
मार्च १९३० मध्ये पाच जणांची समिती मोडून बाराही बँकांना तिच्यात स्थान देण्यात आले. शिवाय समितीचा निर्णय न पटल्यास खरेदीतून अंग काढून घेण्याची मुभा प्रत्येक बँकेला होती. कागदावर हे न्याय्य दिसत होते. प्रत्यक्षात बारा जणांचे एकमत होईपर्यंत बँकांवर बँका बुडत होत्या. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेतील चलनाचा एकूण साठा सुमारे एक तृतीयांशाने आटला आणि हजारो बँकांना टाळे लागले.

१३/
१९३२ च्या वसंतात अमेरिकी काँग्रेसच्या दबावामुळे सुमारे १ अब्ज डॉलरचे रोखे खरेदी करण्यात आले. त्याचा परिणाम दिसू लागला होता. पण उन्हाळ्यात काँग्रेसचे अधिवेशन संपले आणि खरेदीही थांबली. मार्च १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकेचे सोने वेगाने बाहेर जाऊ लागले, तेव्हा शिकागोच्या रिझर्व्ह बँकेने तिला आणखी उसने देण्यास नकार दिला. एकाच संस्थेची दोन अंगे परस्परांपासून तिजोरी राखीत बसली होती. ६ मार्चपासून देशभरच्या बँकांचे व्यवहार बंद ठेवण्याचा आदेश निघाला.

१४/
या विध्वंसातून धडा घेणाऱ्यांत यूटा राज्यातील एक बँकर होता. मॅरिनर एक्लिस. महाविद्यालयीन शिक्षणाचे पाठबळ नव्हते. पण मंदीत स्वतःच्या बँका बुडू न देण्याचा अनुभव गाठीशी होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३४ मध्ये त्यांच्याकडे फेडरल रिझर्व्हचे प्रमुखपद देऊ केले. एक्लिस यांचे म्हणणे होते, की खुल्या बाजारातील व्यवहारांची सत्ता एका ठिकाणी आणल्याखेरीज या पदाला अर्थ नाही. सिनेटर कार्टर ग्लास यांचा या केंद्रीकरणाला कडवा विरोध होता.

१५/
ऑगस्ट १९३५ च्या बँकिंग कायद्यात या दोघांच्या आग्रहांची तडजोड झाली. समितीत एकूण बारा मते. त्यांपैकी सात वॉशिंग्टनच्या मंडळाची, पाच प्रादेशिक बँकांच्या अध्यक्षांची. यांतील एक मत पुढे न्यूयॉर्ककडे कायमचे गेले. उरलेली चार इतर बँकांकडे आळीपाळीने येतात. समितीने ठरवलेल्या व्यवहारातून कोणत्याही बँकेला अंग काढून घेता येणार नाही, असे ठरले. आणि अर्थमंत्र्यांची मंडळावरील पदसिद्ध खुर्ची काढून घेण्यात आली. या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व १९५१ मध्ये कळायचे होते.

१६/
समितीचे काम कसे चालते? सदस्य बाजारात जाऊन रोखे घेत नाहीत. ते चर्चा करतात, मतदान करतात आणि न्यूयॉर्कच्या रिझर्व्ह बँकेला एक लेखी आदेश देतात. तेथील व्यवहारकक्ष ठरावीक मोठ्या दलालांशी खरेदी-विक्री करतो. खरेदी झाली, की बँकांच्या राखीव शिलका वाढतात. बँका या शिलका एकमेकींना एका रात्रीपुरत्या उसन्या देतात. शिलका मुबलक झाल्या, की उसनवारीचा दर उतरतो. विक्री झाली, की तो चढतो. घरकर्जापासून कारखान्याच्या कर्जापर्यंत इतर दर त्याच्यामागोमाग हलतात.

१७/
व्यवस्था बसली न बसली तोच दुसरे महायुद्ध आले. युद्धाचा खर्च कर्ज काढून भागवायचा होता आणि ते कर्ज स्वस्त हवे होते. एप्रिल १९४२ मध्ये फेडरल रिझर्व्हने अल्पमुदतीच्या सरकारी हुंड्यांचा दर ०.३७५ टक्क्यावर बांधून दिला. दीर्घ मुदतीच्या रोख्यांसाठी कमाल दर २.५ टक्के. हा दर राखायचा एकच मार्ग होता. रोख्यांची किंमत पडू लागली, की जेवढे रोखे विकायला येतील तेवढे फेडरल रिझर्व्हने ठरलेल्या किमतीला घ्यायचे.

१८/
यातील मेख बारकाईने पाहण्यासारखी आहे. वस्तूची किंमत आधीच बांधून दिली, की किती माल घ्यायचा हे ठरवणे खरेदीदाराच्या हाती उरत नाही. ते विकणारा ठरवतो. ज्या बँकेला कर्जवाटपासाठी पैसा हवा असेल, तिने रोखे फेडरल रिझर्व्हच्या दारात आणून टाकावेत आणि नवी शिल्लक घेऊन जावे. समिती होती, मते होती, न्यूयॉर्कचा व्यवहारकक्षही होता. पण नळाची चावी समितीकडे राहिली नव्हती.

१९/
युद्धकाळात किमतींवर सरकारी नियंत्रण असल्यामुळे याची झळ झाकली गेली. १९४६ मध्ये नियंत्रणे उठली आणि जून १९४७ पर्यंतच्या एका वर्षात ग्राहक किमती १७ टक्क्यांहून अधिक वाढल्या. जुलै १९४७ मध्ये अल्पमुदतीच्या हुंड्यांचा दर मोकळा करण्यात आला; पण दीर्घ मुदतीच्या रोख्यांची २.५ टक्क्यांची मर्यादा तशीच राहिली. महागाईला आळा घालायचा तर खरेदी थांबवायला हवी. आणि खरेदी थांबवली, तर अर्थखात्याला दिलेला शब्द मोडतो.

२०/
ट्रूमन यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. राष्ट्रीय कर्ज २५० अब्ज डॉलरहून अधिक होते. दर थोडा चढला तरी तिजोरीवरचा व्याजाचा भार वाढणार होता. लाखो सामान्य कुटुंबांनी देशभक्तीपोटी युद्धरोखे घेतले होते. शिवाय ट्रूमन यांना स्वतःचा एक अनुभव विसरता येत नव्हता. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून मिळालेल्या पगारातून त्यांनी लिबर्टी रोखे घेतले होते आणि युद्धानंतर भाव पडल्यावर ते तोट्यात विकले होते. ती पाळी पुन्हा कोणावर येऊ नये, असे त्यांना वाटे.

२१/
जून १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटले. पुन्हा टंचाई येणार या धास्तीने लोकांनी मिळेल ते विकत घेण्याचा सपाटा लावला आणि किमती उसळल्या. १८ ऑगस्ट रोजी फेडरल रिझर्व्हने वटाव दर दीडवरून पावणेदोन टक्क्यांवर नेला. त्याच दिवशी अर्थखात्याने जुन्या कर्जाच्या बदल्यात सव्वा टक्का दराचे नवे रोखे जाहीर केले. सरकारची दोन अंगे एकाच दिवशी विरुद्ध दिशांना चालली होती. ते रोखे पडून राहण्याची नामुष्की टळावी म्हणून अखेर त्यांतील बहुतेक फेडरल रिझर्व्हलाच घ्यावे लागले.

२२/
१८ जानेवारी १९५१ रोजी अर्थमंत्री जॉन स्नायडर यांनी न्यूयॉर्कमधील भाषणात सांगून टाकले, की युद्धाचा खर्च अडीच टक्क्यांच्या मर्यादेतच उभारला जाईल आणि फेडरल रिझर्व्हचे प्रमुख थॉमस मकेब यांची याला संमती आहे. अशी संमती समितीने दिलेलीच नव्हती. आठवड्याभरात एक्लिस यांनी काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष दिली. १९४८ मध्ये ट्रूमन यांनी त्यांना प्रमुखपदी पुन्हा नेमले नव्हते. पण सदस्य म्हणून ते मंडळावर होते. ठरलेल्या दराने रोखे घेत राहणे म्हणजे अमर्याद पैसा निर्माण करणे, असा त्यांच्या साक्षीचा आशय होता.

२३/
आणि मग ३१ जानेवारीची ती बैठक आली. ट्रूमन यांनी जगावरील संकटाचे, स्टॅलिनच्या हेतूंचे आणि सरकारच्या पतीवरील विश्वासाचे विवेचन केले. लिबर्टी रोख्यांची आठवणही सांगितली. अडीच टक्क्यांचा दर कायम ठेवा, असे त्यांनी थेट म्हटले नाही. समितीनेही तसे वचन दिले नाही आणि उघड नकारही दिला नाही. मकेब यांनी सहकार्याची आणि विचारविनिमयाची भाषा केली. बैठक सौजन्याने पार पडली. परतल्यावर एका सदस्याने तिचे टिपण तयार करून दप्तरी ठेवले.

२४/
दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने जाहीर केले, की आणीबाणी असेपर्यंत सरकारी रोख्यांचे स्थैर्य राखण्याचे वचन फेडरल रिझर्व्हने दिले आहे. अर्थखात्याने त्याचा अर्थ असा लावला, की व्याजदर आहेत तेथेच राहणार. पाठोपाठ मकेब यांना लिहिलेले राष्ट्राध्यक्षांचे आभारपत्र वृत्तपत्रांकडे देण्यात आले. जो शब्द कोणी दिलाच नव्हता, त्यासाठी जाहीर धन्यवाद मिळाले होते. समिती गप्प राहिली असती, तर मौन हीच संमती ठरली असती.

२५/
शनिवारी, ३ फेब्रुवारीला, एक्लिस यांनी बैठकीचे ते गोपनीय टिपण वार्ताहरांच्या हाती दिले. रविवारच्या वृत्तपत्रांत ते झळकले. राष्ट्राध्यक्षांच्या निवेदनाला मध्यवर्ती बँकेचे दप्तरच खोटे ठरवीत होते. एक्लिस यांच्या या कृतीविषयी आजही दोन मते होऊ शकतात. गोपनीयतेचा भंग झाला, हे निर्विवाद आहे. पण त्या टिपणामुळे बंद दाराआडचा वाद लोकांसमोर आला आणि समितीला माघार घेण्याची वाट उरली नाही.

२६/
पुढचे दोन आठवडे पत्रव्यवहार आणि बैठका चालू राहिल्या. ऐन वादात स्नायडर यांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. ते बरे होऊन येईपर्यंत काहीही बदलू नये, अशी अर्थखात्याची अपेक्षा होती. समिती थांबायला तयार नव्हती. १९ फेब्रुवारीला तिने कळवले, की चालू पद्धतीने दर राखणे यापुढे तिला मान्य नाही. अर्थखात्याच्या वतीने वाटाघाटींची सूत्रे सहायक मंत्री विल्यम मॅकचेस्नी मार्टिन यांच्याकडे आली. त्यांचे वडील सेंट लुईसच्या रिझर्व्ह बँकेचे प्रमुख होते; ही संस्था मार्टिन यांना घरातून ठाऊक होती.

२७/
४ मार्च १९५१ रोजी अगदी त्रोटक संयुक्त निवेदन निघाले. सरकारच्या कर्जाची गरज भागावी आणि त्याच वेळी त्या कर्जाचे चलनात रूपांतर शक्य तितके कमी व्हावे, यावर दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत झाल्याचे त्यात म्हटले होते. दीर्घ मुदतीच्या जुन्या रोख्यांच्या बदल्यात २.७५ टक्के व्याजाचे, पण बाजारात न विकता येणारे रोखे देण्याचे ठरले. हाच तो ‘अकॉर्ड’. त्याने समितीला कोणताही नवा अधिकार दिला नाही. १९३५ च्या कायद्याने दिलेला अधिकार वापरण्याची वाट मोकळी केली.

२८/
काही दिवसांतच मकेब यांनी राजीनामा दिला आणि ट्रूमन यांनी त्यांच्या जागी मार्टिन यांना नेमले. अर्थखात्याचा माणूस तेथे गेला म्हणजे सारे पूर्ववत होईल, असा तर्क अनेकांनी केला. तो चुकला. मार्टिन जवळजवळ एकोणीस वर्षे त्या पदावर राहिले आणि समितीचे स्वातंत्र्य त्यांनी जपले. पुढे रस्त्यात गाठ पडली असता ट्रूमन यांनी त्यांना ‘गद्दार’ म्हटल्याची आख्यायिका सांगितली जाते. १९५२ मध्ये महागाई निवळली. मात्र त्याचे सगळे श्रेय अकॉर्डला देता येणार नाही. जानेवारी १९५१ मध्ये किंमत-नियंत्रणे परत आली होती आणि धास्तीची खरेदीही ओसरली होती.

२९/
अधिकार असणे आणि तो वापरणे यांतील अंतर १९७० च्या दशकाने दाखवले. १९७२ च्या निवडणुकीपूर्वी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी फेडरल रिझर्व्हचे प्रमुख आर्थर बर्न्स यांच्यावर सैल धोरणासाठी आणलेला दबाव त्यांच्याच ध्वनिफितींत नोंदला गेला आहे. कायदा तोच होता, बारा मतेही तीच. तरी महागाई फोफावली. ६ ऑक्टोबर १९७९ रोजी पॉल व्होल्कर यांनी शनिवारी खास बैठक बोलावली. बँकांच्या राखीव शिलकीवर मर्यादा घालायची आणि व्याजदर जेथे जाईल तेथे जाऊ द्यायचा, असे ठरले.

३०/
एका रात्रीच्या उसनवारीचा दर पुढे २० टक्क्यांच्या घरात गेला. बांधकाम व्यवसाय ठप्प झाला, शेतकरी कर्जात बुडाले, बेरोजगारी १९८२ च्या अखेरीस १०.८ टक्क्यांवर पोहोचली. त्या किमतीवर महागाई १९८० मधील १३ टक्क्यांहून अधिक पातळीवरून १९८३ मध्ये तीन-चार टक्क्यांवर उतरली. खरेदीला नकार देण्याची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते. आणि ती मोजणाऱ्यांनी समितीतील एकालाही मत देऊन निवडलेले नसते. स्वतंत्र मध्यवर्ती बँकेविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

३१/
भारतातही असाच एक करार होऊन गेला. १९५५ पासून केंद्र सरकारची रोख शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली, की ‘ॲड हॉक’ हुंड्या आपोआप निघत आणि रिझर्व्ह बँक त्या घेई. नकाराची सोयच नव्हती. सप्टेंबर १९९४ मध्ये डॉ. सी. रंगराजन गव्हर्नर आणि डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना ही प्रथा टप्प्याटप्प्याने संपवण्याचा करार झाला; एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. मुंबईत बसणारी सहा सदस्यांची पतधोरण समिती २०१६ मध्ये आली. अमेरिकेच्या समितीशी तिची रचना जुळत नाही. पण पैसा कोणाच्या सांगण्यावरून निर्माण व्हायचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

३२/
२००८ च्या अरिष्टानंतर अमेरिकेतील कार्यपद्धतीही पालटली. फेडरल रिझर्व्हने एवढे रोखे घेतले, की बँकांकडील शिलका दुथडी भरून वाहू लागल्या. आता दर सावरण्याचे काम मुख्यत्वे त्या शिलकीवर दिल्या जाणाऱ्या व्याजातून होते. तरी बारा मते आणि न्यूयॉर्कला जाणारा लेखी आदेश कायम आहेत. एके काळी हा आदेश इतका गुप्त असे, की बाजाराला तो व्यवहारकक्षाच्या हालचालींवरून ताडावा लागे. फेब्रुवारी १९९४ पासून दरातील बदल त्याच दिवशी जाहीर करण्याची प्रथा सुरू झाली.

३३/
पगार आणि लाभांश भागवण्यासाठी १९२२ मध्ये बारा बँकांनी रोखे घेतले, तेव्हा आपण काय हाती धरले आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. १९३३ पर्यंत ते साधन बारा हातांत विभागलेले राहिले आणि देशाचे नुकसान झाले. १९४२ ते १९५१ या काळात ते एका समितीकडे असूनही तिला ते आवरता येत नव्हते. सरकारची कर्जे आजही फुगत आहेत आणि ती स्वस्त राहावीत, असे प्रत्येक सरकारला वाटते. म्हणून एखाद्या देशाचा राष्ट्रप्रमुख आपल्या मध्यवर्ती बँकेवर उघड नाराजी व्यक्त करतो, तेव्हा १९५१ चे ते पाच आठवडे आठवावेत.

(थ्रेड समाप्त)